छज्ज्याखालचं गांधीलमाश्यांचं पोळं

आमच्या इंदूरच्या जुन्या वाड्यांत गांधीलमाश्यांना छज्ज्याखालची जागा भारी आवडते. रंगपंचमीच्या आसपास मान वर करून एकदा बघून घ्या. पोळं सुपारीएवढं आणि माश्या दोन-चार असतात, तेव्हाच काढलेलं बरं.

अंधार पडू द्या. त्या पोळ्यावर परततात. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, तोंडावर जाळी घ्या. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा, कारण लाल रंग त्यांना जवळजवळ दिसत नाही. भांड्यांचं लिक्विड पाण्यात कालवून पंपाने लांबून चिंब भिजवा. साबणाच्या पाण्याने त्यांची श्वासाची छिद्रं बंद होतात. मग बांबूने पोळं पाडा, देठ खरवडून काढा. शिडीवर चढून हे उद्योग नकोत. शेजारचे काका मशाल पेटवायला सांगतील. लाकडी वाड्यात मशाल! साफ नाही म्हणा.

उंच इमारतीला लोंबणारं मोठं, उघडं पोळं म्हणजे आग्यामोहोळ. तिथे स्वतः हात घालायचाच नाही, जाणकार माणूस बोलवा.

मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो लगेच नखाने खरवडा. गांधीलमाशीचा राहत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डसते. बर्फ लावा. पण ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला, तर बर्फाच्या नादी न लागता तडक एमवाय हॉस्पिटल गाठा.