विंडोज ११ वर जुना हिशेबाचा प्रोग्रॅम: माझा अनुभव

प्रोग्रॅम विंडोज ९५च्या काळातला. सेटअपवर डबल क्लिक केलं की ‘हे ॲप या पीसीवर चालणार नाही’ एवढंच उत्तर. कम्पॅटिबिलिटी मोडचे (जुन्या प्रोग्रॅमसाठी जुन्या विंडोजसारखं वागायची सोय) सगळे पर्याय लावून पाहिले, ढिम्म फरक नाही. पडणारही नव्हता. प्रोग्रॅम ३२-बिट होता, पण त्याचा इन्स्टॉलर (म्हणजे सेटअप) त्याहून जुन्या पद्धतीचा, १६-बिट, आणि विंडोज ११सारख्या ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रॅम चालवायची सोयच नसते.

मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) ३२-बिट विंडोज एक्सपी टाकलं, तिथे सेटअप बिनबोभाट चालला. प्रोग्रॅम फाइल्समध्ये तयार झालेला अख्खा फोल्डर उचलून नव्या मशीनवर आणला. एक डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी सहायक फाइल) सापडत नाही म्हणून कुरकूर झाली. ती एक्सपीच्या सिस्टिम३२मधून घेऊन ईएक्सईच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या मुख्य फाइलच्या, शेजारीच ठेवली. (नव्या विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये असलं काही कोंबू नये.) फोल्डरही मुद्दाम डी ड्राइव्हवर ठेवला, कारण हे जुने प्रोग्रॅम डेटा स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात आणि प्रोग्रॅम फाइल्समध्ये आता तशी मुभा नसते.

अक्षरं धूसर दिसत होती, ती प्रोग्रॅमच्या हाय डीपीआय सेटिंगमध्ये (दाट पिक्सेलच्या पडद्यावर प्रोग्रॅम किती मोठा दाखवायचा ते ठरवणारं) ‘सिस्टिम (एन्हान्स्ड)’ निवडल्यावर बरीच सुधारली. हेल्पची जुनी एचएलपी फाइल मात्र इथे उघडत नाही. अडलं की एक्सपीत जाऊन वाचतो.