ग्राउंड कापू नका, पार्ट्स वेगळे ठेवा: मिक्स्ड सिग्नल बोर्डवर या चुका टाळा

मिक्स्ड सिग्नल म्हणजे ॲनालॉग आणि डिजिटल दोन्ही असलेल्या बोर्डवर एडीसीचे (व्होल्टेज मोजून त्याचा डिजिटल आकडा देणाऱ्या भागाचे) शेवटचे तीन-चार बिट नाचायला लागले की लोक लगेच कोडमध्ये ॲव्हरेजिंग टाकून मोकळे होतात. त्याआधी सेन्सर काढा आणि रेफरन्सवरून (एडीसी ज्या व्होल्टेजशी तुलना करून मोजतो त्यावरून) दोन सारखे रेझिस्टर लावून अर्धं व्होल्टेज बनवा, तिथून ग्राउंडला एक १०० नॅनोफॅरडचा कॅप (कपॅसिटर) लावून ते थेट इनपुट पिनला द्या. (इनपुट नुसतं ग्राउंडला शॉर्ट केलंत तर रीडिंग शून्यावर चिकटतं आणि नॉइज दिसतच नाही.) आता डिस्प्ले, एसपीआय (चिप्समधली डेटा लाइन), पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद होणारा सिग्नल) एकेक बंद करून बघा, जे बंद केल्यावर रीडिंग शांत होतं त्याचा रिटर्न करंट (ग्राउंडमधून सोर्सकडे परत जाणारा करंट) कुठून जातोय ते लेआउटमध्ये शोधायचं.

बहुतेक वेळा सापडतं काय, तर ग्राउंड प्लेन (ग्राउंडसाठी ठेवलेला कॉपरचा सलग थर) मधोमध कापून ॲनालॉग-डिजिटल असे दोन तुकडे केलेत आणि वर त्याच फटीवरून क्लॉकचा ट्रॅक नेलाय. अहो, करंटला सोर्सकडे परत जायचंच असतं, हाय फ्रिक्वेन्सीला तो ट्रॅकच्या बरोबर खालून जातो, आणि तिथे कॉपरच नसेल तर लांबचा वळसा घेतो, लूप मोठा होतो, म्हणजे तुम्ही फुकटात अँटेना बनवलात. प्लेन अखंड ठेवा, पार्ट्स वेगळे करा, ॲनालॉग एकीकडे, डिजिटल दुसरीकडे, एडीसी मधल्या सीमेवर, आणि सप्लाय अशा जागी आणा की मोटर-रिलेचा करंट ॲनालॉगखालून जाणारच नाही.

एडीसीच्या पिनांवरची एजीएनडी (ॲनालॉग ग्राउंड) आणि डीजीएनडी (डिजिटल ग्राउंड) ही नावं बघूनही गोंधळ होतो. ती पिन चिपच्या आत कशाला जोडली आहे एवढंच ते नाव सांगतं, बहुतेक एडीसींना दोन्ही पिन चिपजवळच एकाच प्लेनला लागतात. मध्ये फेराइट बीड (हाय फ्रिक्वेन्सी अडवणारा छोटा पार्ट) तर अजिबात नको.

दोन लेयरच्या बोर्डवर ग्राउंड बारीक ट्रॅकने फिरवणं हाही तसलाच प्रकार. एक औंस (म्हणजे बोर्डवरच्या नेहमीच्या जाडीच्या) कॉपरचा ०.२५ मिमी रुंद, ५० मिमी लांब ट्रॅक साधारण ०.१ ओहमचा होतो, त्यातून १० मिलीअँपिअर गेले की १ मिलीव्होल्ट पडतो, आणि ३.३ व्होल्ट रेफरन्सवर १२ बिटच्या एडीसीची एक पायरीच (आकड्यातला सगळ्यात छोटा बदल) ०.८ मिलीव्होल्टची असते!

आणि हो, स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) नॉइज दिसला म्हणून बोर्डावर तुटून पडू नका, आधी प्रोबचं टोक त्याचीच ग्राउंड क्लिप जिथे लावलीय त्या पॉइंटला टेकवा, तरीही नॉइज दिसला तर तो क्लिपच्या लांब वायरने पकडलेला आहे, क्लिप काढून छोटी ग्राउंड स्प्रिंग लावा आणि परत मोजा.