पियानोवादकांची तुलना करताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी विश्रामबागेत आमच्याकडे चार-पाच जण जमतात. एकच कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना) दोन-तीन वादकांच्या रेकॉर्डिंगमधून ऐकायचा आणि मग भांडायचं. नवा आलेला पोरगा दुसऱ्याच मिनिटाला ‘हाच भारी’ म्हणून मोकळा होतो. त्याच त्याच चुका बघून कंटाळलोय, म्हणून लिहितो.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे मिनिटं मोजून वेग ठरवणं. ही मीच केली आहे. रशियन संगीतकार आणि पियानोवादक रखमानिनोव्हच्या तिसऱ्या कॉन्चेर्टोचं त्याचं स्वतःचं रेकॉर्डिंग आहे, 1939-40 चं, कंडक्टर ऑर्मंडी आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर. भरतं 34 मिनिटांच्या आसपास. आजचे वादक सहज 40 च्या पुढे जातात. मी ऐटीत सांगितलं, “बघा, आताचे लोक किती रेंगाळतात!” निवृत्त गणित शिक्षक असलेले काका मांडीवर स्कोअर, म्हणजे रचनेची छापील स्वरलिपी, घेऊन बसले होते. शेवटच्या भागात त्यांची पेन्सिल थबकली. “अरे, हा इथनं थेट इथं आला की. मधली पानं कुठं गेली?”

पानं खुद्द रखमानिनोव्हनेच गाळली होती. “तबकडीत मावत नसेल,” म्हणून मी सावरायला गेलो, तर काका म्हणाले, तो मैफिलीतही गाळायचा. त्या दिवशीचे पोहे काही घशाखाली उतरेनात. मिरजेच्या खाँसाहेबांची तीन मिनिटांची तबकडी ऐकून कोणी त्यांच्या मैफिलीची लांबी काढत नाही. मग इथेच अक्कल कुठे जाते? आता मी आधी स्कोअर उघडतो. नेटवर फुकट मिळतो, पण पोरांना तेवढाही धीर नसतो. वाचता येत नसेल तर निदान एकच तुकडा दोघांकडून ऐका, अख्खी बेरीज करू नका.

याच कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागात कॅडेन्झा, म्हणजे वादकाने एकट्याने वाजवायचा तुकडा, दोन प्रकारे लिहिलेली आहे, एक हलकी आणि एक जड; वादक त्यातली एक निवडतो. पियानोवादक होरोविट्झ हलकी घेतो. दुसरा पियानोवादक क्लायबर्न, त्याने 1958 मध्ये जड घेतली. त्यावरून ताकद मोजू नका.

आवाज जुळवायला विसरू नका. मोठा आवाज कानाला नेहमीच भरदार लागतो आणि जुन्या रेकॉर्डिंगमधला गरीब बिचारा पियानोवादक रिख्टर उगाच हरतो. मी मीटर-बिटर लावत नाही. अँप्लिफायरच्या बटणाभोवती बायकोच्या टिकल्या चिकटवल्यात, लाल होरोविट्झची, काळी रिख्टरची. बायको हसते, पण काम होतं.

चायकोव्हस्कीच्या पहिल्या कॉन्चेर्टोची नुसती सुरुवात ऐकून मत देऊ नका. ती प्रसिद्ध धून पुढे परत येतच नाही!

संथपणाचं खापर एकट्या वादकावर किंवा एकट्या कंडक्टरवर फोडू नका. 1962 मध्ये ब्राम्सच्या पहिल्या कॉन्चेर्टोआधी कंडक्टर बर्नस्टाइनने श्रोत्यांना सरळ सांगून टाकलं होतं, की पियानोवादक गूल्डची ही मांडणी मला पटलेली नाही.

आणि नाव बघून ऐकू नका. शोपाँच्या ई मायनर कॉन्चेर्टोचं एक रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं नामांकित पियानोवादक दिनू लिपाटीचं म्हणून विकलं जात होतं. वाजवणारी होती पोलंडची हालिना चेर्नी-स्तेफान्स्का, हे 1981 मध्ये उघड झालं. तेव्हापासून आमच्याकडे कव्हर चहाच्या ट्रेखाली जातं. पोरगा मात्र कप घ्यायच्या निमित्ताने ट्रे उचलून बघतोच.