हवा तो विषय जवळ शिकवतच नाहीत? कॉलेज निवडताना हे तपासा

पदवीवर त्या विषयाचं नाव असलंच पाहिजे का, हे आधी ठरवा. वास्तुरचना, नर्सिंग, औषधनिर्माण अशा परवाना लागणाऱ्या व्यवसायांत ते लागतंच, आणि अभ्यासक्रमाला नियामक संस्थेची मान्यताही लागते. तिथे तडजोड नको, लांब जावं लागलं तरी. खगोलशास्त्राचं तसं नाही. पदवीला भौतिकशास्त्र आणि भरपूर गणित घेऊन पुढे तिकडे वळणारे पुष्कळ असतात. हवामानशास्त्रालाही हाच पाया चालतो. खात्रीसाठी, पुढे जिथे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय तिथली प्रवेशाची पात्रता वाचा आणि कोणते पेपर मागितलेत ते उतरवून काढा.

ती यादी नुसत्या माहितीपत्रकाशी ताडून बघू नका, मागच्या तीन वर्षांच्या वेळापत्रकांशी ताडा. छापलेले काही ऐच्छिक विषय पुरेसे विद्यार्थी नसल्याने किंवा शिकवायला कोणी नसल्याने सुरूच होत नाहीत. काही एक वर्षाआड असतात. असा विषय पुढच्या पेपरची पूर्वअट असेल आणि तुमचा तो हुकला, तर पदवी वर्षभर लांबू शकते. म्हणून प्रवेशाआधीच सत्रवार तक्ता मांडा: कोणता पेपर केव्हा, आणि त्याआधी काय झालेलं हवं. तक्ता जुळत नसेल तर तो घेऊन थेट विभागप्रमुखांना भेटा.

विभागात तुमच्या विषयाचे पूर्णवेळ प्राध्यापक किती, हेही विचारा. सगळा विषय एकाच व्यक्तीवर चालत असेल तर त्यांच्या निवृत्तीबरोबर तोही थांबू शकतो. प्रयोगशाळेबद्दल शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, की एका उपकरणावर किती जण असता? दोघं-तिघं असतील तर उत्तम. आठ असतील तर दोघं हात लावतात आणि बाकीचे रीडिंग उतरवून घेतात.

पहिली दोन वर्षं जवळ शिकून मग बदली घ्यायचा मार्ग स्वस्त पडू शकतो, पण त्यातली मेख ओळखा. कधीकधी नवं कॉलेज जुने क्रेडिट (आधी पास केलेल्या पेपरांचं श्रेय) ‘स्वीकारतं’, मात्र मुख्य विषयात न धरता ऐच्छिकात टाकतं, आणि तोच पेपर पुन्हा द्यावा लागतो. कोणता पेपर कशाच्या बदल्यात धरणार, हे आधीच लेखी घ्या.

रोज ये-जा करणार असाल तर हिशेब मांडा. एका बाजूला दीड तास म्हणजे आठवड्याच्या पाच दिवसांत पंधरा तास, शिवाय संध्याकाळची प्रॅक्टिकल्स. खोलीभाड्याची तुलना करताना हे तासही धरा, आणि खर्च एका वर्षाचा नाही, पूर्ण पदवीचा काढा.

दोन कॉलेजं तुल्यबळ वाटली तर जिथे शेजारचे विषयही चांगले शिकवतात ते घ्या. मन बदललं तर तिथे विभाग बदलता येतो, मात्र तो कोणत्या सत्रापर्यंत बदलता येतो हे नियमांत बघून ठेवा.