जड वाहनाचा परवाना आणि घाटातला सराव

ट्रक चालवण्याचा परवाना थेट मिळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हलके वाहन चालवण्याचा परवाना किमान १ वर्ष जवळ असावा लागतो; त्यानंतरच जड वाहनाचा शिकाऊ परवाना दिला जातो. अर्ज परवान्यांसाठीच्या ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर भरावा. त्यासोबत डॉक्टरांचे नमुना १-अ मधील प्रमाणपत्र जोडावे. पक्क्या परवान्याच्या चाचणीसाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण शाळेचे नमुना ५ मधील प्रमाणपत्र लागते. केवळ कागद हाती देणारी शाळा मात्र कृपया टाळावी.

खरे शिक्षण चाकामागे होते. एअर ब्रेकच्या (हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या) टाक्यांत पुरेसा दाब भरल्याचे दाबमापकाच्या काट्यावर दिसेपर्यंत गाडी हलवू नये. वळताना मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून डावीकडे वळताना सायकलस्वार आणि पादचारी आरशात पुन्हा पुन्हा पाहावेत. कसारा किंवा खंबाटकीसारखा घाट उतरताना, उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून वेग इंजिनाच्या जोरावर रोखावा, कारण सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची सवय पहिल्याच दिवशी सोडावी.