बंद उपकरणं वीज खातात, पण कोणती?

मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून काढून फार काही वाचत नाही. हल्लीचा चांगला चार्जर रिकामा असताना पाव वॉटही घेत नाही. नागपूरच्या घरात खरी गळती बहुधा एसीचा स्टॅबिलायझर आणि सेट-टॉप बॉक्स यांतून होते. अंदाज नको, मोजा.

महावितरणचं मीटरच पुरतं. एका युनिटला लाल दिवा किती वेळा लुकलुकतो, तो आकडा त्यावर छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. दिवे, पंखे, फ्रिज बंद करा; टीव्ही वगैरे रिमोटनेच बंद ठेवा. इन्व्हर्टरचा प्लग मात्र काढू नका. काढला की त्याच्या लाइनवरचं सगळं बॅटरीवर जातं आणि मीटरला दिसतच नाही. बॅटरी पूर्ण चार्ज झालेली असतानाच मोजा. दोन लुकलुकींमधले सेकंद घ्या, ३२०० च्या मीटरला ११२५ ला त्यांनी भागा, वॉट मिळतात (१६०० च्या मीटरला २२५०). ४५ सेकंद आले तर २५ वॉट, म्हणजे महिन्याला १८ युनिट. हे युनिट बिलाच्या सर्वांत वरच्या स्लॅबमधले असतात, म्हणून महाग. मग एकेक स्विच बंद करत पुन्हा मोजा. नेमकं हवं असेल तर प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर सीताबर्डीच्या बाजारात शोधा. एसीसाठी १६ अँपिअरचाच घ्या.

स्टॅबिलायझरमधला ट्रान्सफॉर्मर एसी बंद असतानाही वीज घेतो. तो १० वॉट घेत असेल, तर पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत साठेक युनिट जातात. उन्हाळा सरला की एसीचा एमसीबी (बोर्डातला सुरक्षा-स्विच) सरळ खाली करा. उन्हाळ्यात मात्र आधी रिमोटने एसी बंद करा, चार-पाच मिनिटांनी स्टॅबिलायझर.

सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी बरेचदा आतून चालूच असतो. टीव्ही आणि बॉक्स वेगवेगळे स्विच असलेल्या बोर्डावर घ्या आणि रात्री दोन्ही बंद करा. सकाळी सिग्नल यायला एक-दोन मिनिटं लागतात, आणि रात्रीचं रेकॉर्डिंग लावलं असेल तर ते होणार नाही. ओएलईडी टीव्हीची वीज मात्र लगेच तोडू नका. पडद्याची देखभाल तो स्टँडबायमध्येच करतो. इंकजेट प्रिंटर आधी त्याच्या बटणाने बंद करा, नाहीतर शाईचं तोंड उघडं राहून सुकतं.

स्विच बंद करूनही एलईडी बल्ब मंद पेटत असेल, तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असू शकतो. तिथे वीज वाचवण्यापेक्षा शॉकचा धोका मोठा आहे. वायरमनला बोलवा.