मे होंग सोनच्या घाटात एकट्याने दुचाकी चालवताना या चुका टाळा

उत्तर थायलंडमधील चिआंग मायहून निघून मे सारिआंग, खुन युआम, मे होंग सोन आणि पाई या गावांवरून पुन्हा चिआंग मायला परतणारा सुमारे 600 किलोमीटरचा वळसा दुचाकीस्वारांमध्ये प्रसिद्ध आहे. या वाटेवर 1864 वळणे असल्याचे सांगितले जाते आणि ती पार केल्याचे प्रमाणपत्रही मे होंग सोनमध्ये मिळते. मी हा वळसा चार वेळा केला आहे आणि चारही वेळा एकटाच होतो. दर वेळी पाईच्या बाजारात गुडघ्याला किंवा कोपराला पट्टी बांधून फिरणारे पर्यटक दिसले, आणि त्यांच्याशी बोलल्यावर त्याच त्या चुका ऐकायला मिळाल्या. अलीकडे त्यांत मराठी बोलणारेही भेटू लागले, म्हणून हे लिहीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या अहवालात थायलंडमधील रस्ते अपघातांतील मृत्यूंचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे 32.7 इतके दिले होते आणि मृतांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक दुचाकी किंवा तीनचाकीवरचे होते. रस्ते गुळगुळीत आहेत, वळणावर आरसे आणि फलक आहेत, म्हणून येथे धोका कमी असावा असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात चांगल्या रस्त्यामुळे वेग वाढतो आणि नवखा चालक वेगामुळेच पडतो.

परवान्यावरचा शिक्का न पाहणे

पहिली मोठी चूक भारतातच होते. थायलंडमध्ये दुचाकी चालवण्यासाठी आपल्या मूळ लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आरटीओतून मिळतो, त्याचे शुल्क हजार रुपये आहे आणि मुदत एका वर्षाची असते. लोक परवाना काढतात, पण आतले पान उघडून पाहत नाहीत. 1949 च्या जिनिव्हा करारानुसार दिल्या जाणाऱ्या या परवान्यात वाहनांचे वर्ग अक्षरांनी दाखवलेले असतात. त्यांतील ‘ए’ म्हणजे मोटरसायकल आणि ‘बी’ म्हणजे मोटार. आपल्याकडे वीस-वीस वर्षे दुचाकी चालवणाऱ्या अनेकांच्या लायसन्सवर फक्त मोटारीची नोंद असते. अशा माणसाला मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर शिक्का ‘बी’चाच बसतो, आणि चिआंग मायमधला गाडी भाड्याने देणारा दुकानदार तो न वाचताच किल्ली हातात देतो. त्यामुळे सगळे रीतसर झाले असा समज होतो.

पुण्याचा एक तरुण मला चिआंग मायच्या एका रुग्णालयात भेटला. पाई आणि मे होंग सोन यांच्यामधल्या सोप्पोंग गावाच्या पुढे वळणावर पडलेल्या वाळूवरून त्याची स्कूटर घसरली होती आणि गळपट्टीचे हाड मोडले होते. त्याने प्रवास विमा घेतलेला होता, हेल्मेट घातलेले होते आणि तो दारूही प्यायलेला नव्हता. तरीही चालवत असलेल्या वाहनाचा वैध परवाना नाही या एका कारणावरून त्याचा दावा फेटाळला गेला आणि शस्त्रक्रियेचे पैसे त्याच्या वडिलांना घरून पाठवावे लागले. आरटीओत आधी दुचाकीची नोंद करून घेण्यासाठी लागणारे काही आठवडे त्याने वाचवले होते. या कामात घाई करणाऱ्याला मी कधीच समजून घेऊ शकलो नाही. विमा पत्रातील दुचाकीविषयीचे कलमही शब्दन् शब्द वाचावे, कारण काही विमे ठरावीक सीसीपुढच्या गाडीला संरक्षण देतच नाहीत. भाड्याच्या गाडीबरोबर जो सक्तीचा विमा येतो, तो माणसाच्या दुखापतीपुरता आणि तोही मर्यादित रकमेचा असतो. गाडीचे नुकसान किंवा चोरी त्यात येत नाही.

हाच परवाना घेऊन व्हिएतनामला जाण्याचा बेत असेल, तर तेथे तो ग्राह्य धरला जात नाही हे आधीच लक्षात घ्यावे. व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना करारातला देश आहे आणि भारताचा परवाना 1949 च्या करारानुसार निघतो. मी थायलंड निवडला त्याचे हे एक मोठे कारण होते.

पासपोर्ट अनामत म्हणून ठेवू नये. त्याची छायाप्रत आणि काही हजार बाट रोख घेणारा दुकानदार शोधावा. तो हमखास सापडतो. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे चित्रण दुकानदारासमोरच करावे.

उतार ब्रेकवर उतरणे

आता ज्या चुकीमुळे मी हे लिहायला बसलो, तिच्याकडे वळतो.

दोई इन्थानोन हे 2565 मीटर उंचीचे थायलंडमधील सर्वांत उंच शिखर आहे आणि पायथ्याच्या चोम थोंगपासून शिखरापर्यंत सुमारे 47 किलोमीटरचा डांबरी रस्ता जातो. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून नऊशे मीटर अधिक उंचीपर्यंत स्कूटर नेता येते. 2017 च्या डिसेंबरात, पहिल्याच फेरीत, मी 125 सीसीची गिअर नसलेली स्कूटर घेऊन तेथे गेलो. वर इतकी थंडी होती की बोटे आखडली होती, आणि उतरताना भीतीपोटी मी दोन्ही ब्रेक सतत थोडे थोडे दाबूनच ठेवले. सह्याद्रीतले घाट मी अनेक वर्षे उतरलो होतो, पण ते गिअरच्या मोटरसायकलवर. स्कूटरवर इतका लांब उतार मला कधीच लागला नव्हता.

दहा-बारा किलोमीटरनंतर जळक्या रबरासारखा वास आला. तो पुढे चाललेल्या ट्रकचा असावा असे मला वाटले. मग मागच्या ब्रेकचा दांडा मुठीला टेकू लागला, आणि त्यानंतरच्या दोन वळणांत पुढच्या ब्रेकचा दांडाही स्पंजासारखा मऊ झाला. स्कूटरला मागे ड्रम ब्रेक आणि पुढे डिस्क ब्रेक होता. ड्रममधले लायनर, म्हणजे घासून चाक अडवणारे अस्तर, तापून त्यांची पकड गेली होती, आणि पुढच्या ब्रेकचे तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले होते. बुडबुडा दाबला जातो, पण पिस्टनला ढकलत नाही. मी दरीची बाजू सोडून डोंगराकडच्या गटाराच्या कडेला गाडी घासत नेली आणि ओल्या मातीत ती थांबली. गुडघा सोलवटला, त्याहून अधिक काही झाले नाही. गाडी थांबली तेथून साठ-सत्तर पावलांवर रस्ता उजवीकडे पूर्ण वळत होता आणि कठड्यापलीकडे फक्त धुके दिसत होते.

भाजी भरलेली पिकअप चालवणारा एक शेतकरी थांबला. त्याने डिस्कवर पाणी ओतू पाहणारा माझा हात धरला, कारण तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडले की ती वाकते. त्याने मला बसवून ठेवले, आणि अर्ध्या तासाने रस्त्याकडेच्या पिवळ्या फलकाकडे बोट दाखवून दोनदा म्हणाला, ‘किआ ताम, किआ ताम.’ फलकावर खालचा गिअर वापरा अशी सूचना होती. उत्तरेकडच्या प्रत्येक घाटात हे शब्द दिसतात, आणि त्यांच्या जोडीला ‘खोंग अन्तराय’ असेही लिहिलेले असते. खोंग म्हणजे वळण आणि अन्तराय म्हणजे धोका. हा आपलाच ‘अंतराय’ शब्द तेथे पोहोचला आहे, त्यामुळे एकदा ऐकल्यावर मराठी माणूस तो विसरत नाही.

पण गिअर नसलेल्या स्कूटरवर खालचा गिअर आणायचा कोठून? येथे यंत्र समजून घेणे भाग आहे. अशा स्कूटरचा क्लच इंजिनाच्या फेऱ्यांवर आपोआप जुळतो आणि सुटतो. गाडी पळत असताना रेस सोडली, तर क्लच जुळलेलाच राहतो आणि इंजिन चाकाला मागे ओढते. वेग साधारण ताशी वीस किलोमीटरच्या खाली गेला की क्लच सुटतो, गाडी मोकळी धावू लागते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. भीतीने अगदी सावकाश, ब्रेक धरून उतरणारा माणूस नेमका याच स्थितीत राहतो, आणि मीही तेच केले होते. थांबलेली स्कूटर उतारावर नुसती सोडली तरी क्लच जुळत नाही. निघताना किंचित रेस द्यावी, इंजिनाची ओढ जाणवली की रेस सोडावी. ब्रेक वळणाआधी दोन-तीन सेकंद नीट दाबावा आणि मग पूर्ण सोडावा, म्हणजे त्याला गार व्हायला वेळ मिळतो. माझी सवय अशी की लांब उतारावर दर सात-आठ किलोमीटरला, वास आलेला असो वा नसो, दहा मिनिटे थांबायचे.

आपल्याकडे पेट्रोल वाचवण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रलवर सोडण्याची किंवा चक्क बंद करण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि ती शिकवणारे मोठ्या अभिमानाने शिकवतात. अशी मोकळी सोडलेली गाडी इंजिनाने अडवता येत नाही. दहा-वीस रुपयांच्या पेट्रोलसाठी एवढा धोका पत्करणाऱ्यांना मी माझ्यापुढे गाडी चालवू देत नाही.

त्या फेरीनंतर मी होंडा वेव्हसारखी, क्लचचा दांडा नसलेली पण पायाने गिअर बदलणारी गाडीच घेतो. पहिला आणि दुसरा गिअर तीव्र उतारावर खरोखर धरून ठेवतात. तिचे सगळे गिअर खालच्या दिशेने पडतात, त्यामुळे जुनी स्प्लेंडर चालवलेल्यांना तिची सवय लवकर होते. गिअरचा दांडा दाबलेला असेपर्यंत क्लच सुटलेला असतो, म्हणून गिअर कमी करताना पाय एकदम उचलला की मागचे चाक जागीच अडकते. पाय हळू उचलण्याचा सराव घाटात शिरण्यापूर्वी सपाट रस्त्यावर तासभर करावा. नवख्यांना हा तास वाया गेल्यासारखा वाटतो आणि ते थेट पाईच्या रस्त्याला लागतात.

डावीकडून चालते म्हणून सगळे आपल्यासारखेच समजणे

थायलंडमध्येही वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या माणसाला पहिल्या तासातच घरी असल्यासारखे वाटते आणि तो घरच्यासारखाच चालवू लागतो. दुचाकीने डाव्या कडेला राहावे असा तेथे नियम आहे. उजव्या मार्गिकेत रेंगाळणाऱ्या दुचाकीची कोणाला अपेक्षाच नसते. हॉर्न क्वचित वाजतो, आणि आपण सवयीने वाजवला तर तो अपमान समजला जातो. पूर्ण आंधळ्या वळणावर एकदा हलका वाजवावा, एरवी अंगठा दूर ठेवावा.

ऋतू आणि वेळ

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सर्वांत चांगला. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शेते आणि जंगले जाळल्यामुळे दऱ्या धुराने भरतात. त्या दिवसांत चिआंग मायची हवा जगातील सर्वांत वाईट शहरांच्या यादीत जाते, आणि वळणापलीकडचे काही दिसत नाही. मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. पहिल्या सरीनंतरचा अर्धा तास रस्ता सर्वांत निसरडा असतो, त्या वेळी चहाच्या टपरीवर बसून राहावे. 13 ते 15 एप्रिलच्या सोंगक्रान या थाई नववर्षाच्या सणात रस्त्यावरच्या माणसांवर बादल्यांनी पाणी फेकले जाते, आणि त्या सणाच्या आठवड्याला तेथील सरकारच ‘धोक्याचे सात दिवस’ म्हणते. तेव्हा दुचाकी काढूच नये.

घाटात सरासरी वेग ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या वर जात नाही. चार दिवसांपेक्षा कमी वेळात वळसा पूर्ण करण्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी बऱ्याचदा काही वाट अंधारात काढलेली असते. अंधारात कुत्री, गुरे आणि बिनदिव्याच्या गाड्या रस्त्यावर असतात. मी चार वाजता मुक्कामाला पोहोचतो.

हाफ पँट घालून निघू नये, तापलेल्या सायलेन्सरचा चटका पोटरीवर लगेच बसतो. सीटखालची टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी. मदतीसाठी रुग्णवाहिकेचा 1669 आणि पर्यटक पोलिसांचा 1155 हे क्रमांक मोबाइलमध्ये न ठेवता कागदावर लिहून खिशात ठेवावेत, कारण एकट्या माणसाचा मोबाइल पडताना बहुधा फुटतो.

बहुतेक लोक पहिल्याच दिवशी पाईकडे जातात. त्या एकाच रस्त्यावर 762 वळणे मोजली जातात आणि ती हात बसलेला नसताना समोर येतात. मी उलट दिशा घेतो. 108 क्रमांकाच्या रस्त्याने होट या गावामार्गे मे सारिआंगला जाताना वळणे हळूहळू वाढत जातात, आणि पाईच्या घाटापर्यंत हात तयार झालेला असतो. या दिशेत एकच अडचण शेवटी येते. मे मालई येथे घाटरस्ता 107 क्रमांकाच्या रुंद मार्गाला मिळतो आणि चिआंग माय अवघे पस्तीस किलोमीटर उरते. दुभाजकात जागोजागी यू-टर्नसाठी मोकळ्या जागा आहेत, आणि समोरून येणाऱ्या मोटारी तेथून वळून आपल्या वेगवान मार्गिकेत अचानक शिरतात. घाटातून सुटलेला, थकलेला चालक नेमका तेथेच रेस वाढवतो. मी मे मालईच्या बाजारात अर्धा तास थांबतो, भात आणि पाणी घेतो, हेल्मेटची काच पुसतो, आणि मग प्रत्येक यू-टर्नच्या आधी रेस सोडत डाव्या कडेने शहरात शिरतो.